रॅडफर्डच्या मागच्या मास्टचं कोडं: जाळीदार की डबा? (मॉडेलसाठी मदत हवी)

कागदीहोडी

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने अमेरिकी नौदलाच्या 'आर्थर डब्ल्यू. रॅडफर्ड' या विनाशिकेचं 1:350 मापाचं मॉडेल करतोय. स्प्रुअन्स वर्ग, क्रमांक डीडी-968. खरं जहाज 563 फूट लांब, माझ्या टेबलावर 49 सेंटिमीटर. सांगाडा झाला, ब्रिज झाला, दोन्ही धुराडी झाली. मागची जाळीदार मास्ट तांब्याच्या तारेची केली. डाख देताना तीनदा वाकली, चौथ्यांदा जमली. अकरा रात्री गेल्या तिच्यात.

आणि परवा एक 1998 चा फोटो हाती लागला. जहाज तेच, आकडा तोच, पण मागची मास्ट गायब! तिच्या जागी राखाडी रंगाचा भलामोठा षटकोनी डबा. मधे फुगीर, वर-खाली निमुळता. पखवाज उभा करून ठेवावा तसा. एक तार नाही, शिडी नाही, रडार नाही. धाकटा भाऊ म्हणाला, जहाजावर पाण्याची टाकी बसवलीय.

मला कळलं ते इतकंच की हा काहीतरी प्रयोग होता. आता प्रश्न:

हे नेमकं काय होतं? रडार कुठे गेली? निवृत्तीला आलेल्या जुन्या जहाजावर इतकी नवी वस्तू का बसवली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या अकरा रात्री पाण्यात का?

उभाआडवा

फोटो खरा आहे. 1997 नंतरचं जहाज करणार असाल तर अकरा रात्री पाण्यात, त्याआधीचं करणार असाल तर नाहीत. 🙂

एक गोष्ट तपासा. ब्रिजच्या पुढे अ‍ॅसरॉकची, म्हणजे पाणबुडीविरोधी रॉकेटांची, चौकोनी पेटी बसवली आहे का? डब्याच्या काळात रॅडफर्डवर ती नव्हती. तिथे क्षेपणास्त्रं सरळ वर सोडणारे उभे कप्पे आले होते, म्हणजे डेकवर नुसती झाकणांची चौकट दिसते. पेटी आणि डबा एकाच मॉडेलवर आले तर जाणकार माणूस दारातूनच परत जाईल.

बत्तीसाब

कागदीहोडी, मी 28 वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. जहाजावर आम्हाला बत्तीसाब म्हणतात, तेच नाव इथे घेतलंय. युद्धनौकेवर कधी काम केलं नाही, पण मास्टवर चढून रडारशी झटापट करण्यात निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे त्या डब्याचं मोल मला जरा जास्तच कळतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रडार कुठेही गेली नाहीत, डब्याच्या आत आहेत. आणि आतल्या आत फिरतही होती. या प्रकाराचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड एन्क्लोज्ड मास्ट/सेन्सर सिस्टिम'. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा हा प्रयोग, 1997 मध्ये नॉरफोकच्या नौदल गोदीत रॅडफर्डवर चढवला. उंची 93 फूट, सगळ्यात रुंद जागी 35 फूट, वजन 40 टनांच्या घरात. लोखंड नाही, फायबरग्लाससारखं कॉम्पोझिट: दोन्हीकडे कापड आणि राळ, मधे हलका गाभा. तुमच्या मापात उंची 81 मिलिमीटर, रुंदी साडेतीस मिलिमीटर. आत हवाई शोधाचं एसपीएस-40 आणि लक्ष्य टिपणारं मार्क 23, ही दोन्ही रडार. स्प्रुअन्सच्या मागच्या मास्टवर हीच असायची, फक्त उघड्यावर.

मराठीत मास्टला डोलकाठी म्हणतात. पण ही डोलतही नाही आणि काठीही नाही, म्हणून मी मास्टच म्हणतो.

आता हे करायचं कशाला? एक प्रसंग सांगतो. हिवाळ्यातला अटलांटिक, आमच्या एका रडारचा स्कॅनर फिरता फिरता थांबला. मोटरचे कार्बन ब्रश झिजले असणार हे मला खालीच कळलं होतं. काम वीस मिनिटांचं. पण जहाज इतकं हेलकावत होतं की कप्तानाने सहा तास वर चढू दिलं नाही. मग दोन्ही रडार बंद केली, ब्रेकर पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले (हे दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवायचं नसतं, वर माणूस असताना खाली कुणी बटण दाबलं तर स्कॅनरचा दांडा फटका मारून खाली फेकतो), पट्टा बांधला आणि चढलो. खाली शिडी धरायला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. वारा फिरला की धुराडीचा धूर थेट तोंडावर. स्कॅनरच्या खिडकीवर मिठाचा थर, त्यावर काजळी, त्यावर पुन्हा मीठ. बोल्ट गंजून एकजीव झालेले. वीस मिनिटांचं काम दोन तासांनी संपलं आणि हाताची बोटं संध्याकाळपर्यंत माझी नव्हती.

हे एका स्कॅनरचं. विनाशिकेच्या उघड्या मास्टवर अशा वस्तूंची गर्दी असते. सगळ्या मीठ खातात, धूर खातात, आणि दुरुस्तीला माणूस उघड्यावरच चढतो. रॅडफर्डच्या डब्यात तोच माणूस आतून जाऊन, डोक्यावर छप्पर असताना, दोन्ही पायांवर उभा राहून काम करणार. लोक या मास्टबद्दल बोलताना शत्रूच्या रडारला कमी दिसते एवढंच बोलतात. मला विचाराल तर छप्पर हीच मोठी गोष्ट.

दुसरा फायदा आंधळ्या पट्ट्यांचा. आमच्या ब्रिजवर रडारशेजारी एक कागद चिकटवलेला असतो: या कोनापासून या कोनापर्यंत रडारला दिसत नाही, कारण मधे मास्ट किंवा धुराडी येते. एकदा मागून येणारं एक जहाज चांगला पाऊण तास त्या पट्टीत लपून चाललं होतं. नुसत्या डोळ्यांनी दिसलं म्हणून बरं. जाळीदार मास्टचे लोखंडी पाय, आडव्या पट्ट्या, इतर अँटेना हे सगळं किरणांच्या वाटेत येतं, त्यांना अडवतं आणि भलतीकडे उडवतं. लोखंड काढून टाकलं आणि रडारला पारदर्शक असं कवच लावलं की ही कटकट बरीच कमी होते.

कागदीहोडी

बत्तीसाब काका, वाचताना माझीच बोटं गार पडली.

पण एक शंका. कवच रडारला पारदर्शक असेल, तर शत्रूचं रडारही त्यातून आत जाईल ना? आणि आतल्या फिरत्या अँटेनावर आपटून परत येईल. मग लपलं काय?

बत्तीसाब

बरोबर प्रश्न. सगळी गंमत तिथेच आहे.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली धातूची जाळी बघा. आतला पदार्थ दिसतो, म्हणजे प्रकाश आरपार जातो. पण स्वयंपाक करणाऱ्या लहरी, ज्यांची लांबी 12 सेंटिमीटरच्या आसपास आहे, त्या भोकांतून निसटत नाहीत. एकच जाळी, एका लांबीच्या लहरीला खिडकी आणि दुसऱ्या लांबीच्या लहरीला भिंत.

रॅडफर्डच्या मास्टच्या वरच्या अर्ध्या भागात याच जातीची युक्ती होती, फक्त उलट दिशेने. त्यांना लांब लहरी बाहेर सोडायच्या होत्या आणि आखूड लहरी अडवायच्या होत्या. एसपीएस-40 चारशे मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतं, म्हणजे लहर जवळजवळ 70 सेंटिमीटर लांब. मार्क 23 ची लहर त्याहून आखूड, पण तीही वीतभराच्या आसपास. उलट जहाजावर चालून येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकातलं रडार बहुतेक वेळा दोन-तीन सेंटिमीटरच्या लहरीवर चालतं. कॉम्पोझिटच्या थरांमध्ये धातूची ठरावीक मापाची नक्षी बसवली, की आपल्या लहरी जवळजवळ विनातक्रार बाहेर आणि पाहुण्याच्या लहरींना दारातूनच नमस्कार.

मायक्रोवेव्हसारखी सलग जाळी आखूड लहरी सोडते आणि लांब अडवते. तीच नक्षी उलटी केली, म्हणजे सलग जाळीऐवजी एकमेकांना न चिकटणारे सुटे तुकडे मांडले, की वागणूक उलटी होते. हे तत्त्व झालं. रॅडफर्डच्या भिंतीत नेमकी कोणती नक्षी होती हा वेगळा विषय.

मास्टचा खालचा अर्धा भाग तर सरळ परावर्तकच होता. तिथून काही आत जाऊच नये असा.

आणि नमस्कार केलेल्या लहरींचं काय, तर त्या जिकडून आल्या तिकडे परत जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणून तो पखवाजाचा आकार. वरच्या भिंती आत झुकलेल्या, त्यामुळे आडवी आलेली लहर वर आकाशात उडते. खालच्या भिंतींवर आपटलेली खाली पाण्याकडे जाते. गोल नळकांडं केलं असतं तर कुठूनही बघा, एक पट्टी तुमच्याकडे तोंड करून उभीच असती. जाळीदार मास्ट तर त्याहून वाईट. तिच्यात इतके काटकोन असतात की आलेली लहर आपटत आपटत मालकाकडेच परत जाते.

मॉडेल करताना म्हणूनच कडा धारदार ठेवा. पॉलिश पेपरने गोल केल्या तर सगळा अर्थच गेला.

हलवापाणी

म्हणजे रडारला दिसत नव्हती म्हणून 1999 मध्ये त्या मालवाहू जहाजाने ठोकलं का हिला? 😀

बत्तीसाब

हा विनोद मी आमच्या मेसमध्येही ऐकलाय. नाही. मास्ट लपवली म्हणून जहाज लपत नाही. स्प्रुअन्स म्हणजे उंच, सपाट, उभ्या भिंतींचा अवाढव्य ठोकळा. त्यावर सुंदर कोनांची मास्ट ठेवणं म्हणजे ट्रकच्या टपावर मोरपीस खोचणं. साध्या व्यापारी रडारवरही ते जहाज लख्ख दिसणार. त्यांना जहाज लपवायचं नव्हतं, मास्ट समुद्रात टिकते का, रडार आतून नीट चालतात का, हे बघायचं होतं.

टक्कर झाली ती 4 फेब्रुवारी 1999 च्या रात्री, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, 'सौदी रियाध' या जहाजाशी. रॅडफर्ड तेव्हा घिरट्या घालत स्वतःची इलेक्ट्रॉनिक उपकरणं जुळवत होती. उजव्या कुशीत मोठं खिंडार पडलं, दुरुस्तीला 3 कोटी डॉलरच्या वर खर्च आला. 40 टनांचा डबा मात्र जागेवर उभा राहिला. असली चाचणी कुणी ठरवून घेत नाही.

खारेवारे

धाग्यात एक गफलत होतेय ती सांगतो. रॅडफर्ड 1997 मध्ये निवृत्त नव्हती, निवृत्तीला आलेलीही नव्हती. 1977 साली नौदलात आली, 2003 च्या मार्चमध्ये बाहेर पडली. मास्ट बसवली तेव्हा वीस वर्षांची, पूर्ण कामावरची विनाशिका. हा डबा घेऊन ती नेहमीच्या मोहिमांवर गेली, आणि प्रयोगाचा अर्थही तोच होता. गोदीत उभं करून जे कळत नाही ते समुद्रात कळतं.

खरोखर निवृत्त विनाशिकांवर प्रयोग झाले ते वेगळे. 'डेकेटर' 1983 मध्ये निवृत्त झाली आणि 1990 च्या दशकात तिचं स्वसंरक्षण चाचणी जहाज झालं. ती थकल्यावर तिची जागा 'पॉल एफ. फॉस्टर'ने घेतली, म्हणजे रॅडफर्डच्याच वर्गातल्या बहिणीने. ही कॅलिफोर्नियात पोर्ट हुएनेमीला असते. चाचणीच्या वेळी जहाजावर एकही माणूस नसतो. किनाऱ्यावरून दूरनियंत्रणाने चालवतात, मागे एक तराफा ओढत नेतात आणि त्या दिशेने खरीखुरी क्षेपणास्त्रं सोडतात.

माणसं का नाहीत? क्षेपणास्त्र जवळ येऊन फुटलं तरी त्याचे जळते तुकडे त्याच वेगाने पुढे येत राहतात. अडवण्यात यश आलं तरी जहाजाला जखम होऊ शकते. माणसं असलेल्या जहाजावर ही परीक्षा घ्यायची तर लक्ष्य लांबूनच वळवावं लागतं, आणि मग ती परीक्षा राहत नाही.

झुमवाल्ट या नव्या विनाशिका-वर्गासाठी केलेलं एसपीवाय-3 रडार समुद्रात पहिल्यांदा फॉस्टरवरच तपासलं. 2011 च्या एप्रिलमध्ये तिच्यावरच्या लेझरने एका छोट्या बोटीचं इंजिन पेटवून दिलं. त्याच वर्षी शेवाळापासून केलेलं इंधन अर्धं-अर्धं मिसळून ती सॅन दिएगोहून पोर्ट हुएनेमीला आली. स्प्रुअन्स वर्गाची 31 जहाजं होती. बाकीची बहुतेक नेमबाजीच्या सरावात बुडवली, काही भंगारात गेली. फॉस्टर तेवढी उरली, कारण तिच्यावर कुणीतरी नेम धरावा हीच तिची नोकरी.

कागदीहोडी

खारेवारे, चूक कबूल. शीर्षकात नाही पण डोक्यात तेच होतं. मग प्रश्न जरा बदलतो: चालत्या जहाजांतलं नेमकं हेच का?

खारेवारे

हीच का हे सांगता येणार नाही, हाच वर्ग का ते सांगता येतं. स्प्रुअन्स आली तेव्हा लोक तिला हसायचे, एवढं मोठं जहाज आणि एवढीशी शस्त्रं. पण ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती, पुढे काही ना काही चढवता यावं म्हणून. टायकोंडेरोगा क्रूझर याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या. वर वजन वाढलं की जहाज कलंडायला बघतं, त्यामुळे पोटात दम असलेलं जहाजच लागतं.

शिवाय मास्ट दोन. तोफेसाठी नेम धरणारी रडार पुढच्या मास्टवर, ती कुणी हलवलीच नाही. मागचा प्रयोग फसला असता तरी जहाज पूर्ण आंधळं झालं नसतं. हा माझा तर्क.

मोजपट्टी

सगळे कौतुक करताय म्हणून जरा खडा टाकतो.

प्रयोग यशस्वी झाला, मान्य. त्याच घडणीच्या दोन-दोन मास्ट सॅन अँटोनिओ वर्गाच्या, म्हणजे किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या, जहाजांवर आल्या, पहिलं जहाज 2006 च्या जानेवारीत नौदलात दाखल झालं. पण पुढे काय? त्याच वर्गाच्या पुढच्या जहाजांचा खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा काढायच्या वस्तूंच्या यादीत कॉम्पोझिट मास्टचं नाव होतं. तिच्या जागी साधी पोलादी मास्ट. झुमवाल्टचंही तेच: पहिल्या दोन जहाजांचं डेकवरचं घर कॉम्पोझिटचं, तिसऱ्याचं पोलादाचं.

मी कॉम्पोझिटच्या कारखान्यात काम केलंय, जहाजांच्या नाही. निर्वात पिशवीखाली कोरडं कापड अंथरायचं आणि राळ ओढून घ्यायची, हे काम मला माहीत आहे. पोलादाच्या पत्र्याला पोचा आला तर कुठल्याही गोदीत वेल्डर मिळतो. कॉम्पोझिटच्या भिंतीत राळ नीट भिनली नसेल तर बाहेरून दिसतही नाही. टिचकी मारत फिरायचं आणि आवाज बद्द आला की खडूने गोल काढायचा. एकदा आम्ही एका मोठ्या तुकड्यावर सकाळभर खडू मारत होतो, दुपारी तो तुकडाच फेकला. त्यात ही भिंत नुसती भिंत नाही, तिच्यात नक्षी आहे. ठिगळ लावलंत तर नक्षीही तशीच्या तशी जुळवायला हवी, नाही तर तिथे आपलंच रडार अडखळणार. आणि उद्या आतलं रडार बदललं, लहर बदलली, तर त्या जुन्या खिडकीचा उपयोग काय?

बत्तीसाब

मोजपट्टी, शेवटचा मुद्दा जड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नव्या रडारांचे सपाट चौकोन भिंतीतच बसवतात, फिरणारं काही उरत नाही, मग झाकायचं तरी काय.

पण पोलादी मास्टवर परत जायचा निर्णय ज्याने घेतला त्याला एकदा जानेवारीत ब्रश बदलायला वर पाठवा.

उभाआडवा

रॅडफर्डचं शेवटचं कुणी सांगितलं नाही. 10 ऑगस्ट 2011 रोजी तिला डेलावेअर, न्यू जर्सी आणि मेरिलँड या तीन राज्यांनी मिळून अटलांटिकमध्ये बुडवलं, माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून. जागेचं नाव डेल-जर्सी-लँड, खोली 130 फुटांच्या आसपास. नंतर सांगाड्याचे तुकडे झाले. आता तिथे पाणबुडे आणि गळ टाकणारे जातात.

कागदीहोडी

मंडळी, ठरलं. 1998 चीच करतो. अ‍ॅसरॉकची पेटी काल रात्री उपटली, खाली गोंदाचा डाग पडलाय तो झाकणांच्या चौकटीखाली जाईल.

डबा असा करायचं मनात आहे: खालचा अर्धा भाग जाड प्लॅस्टिकचा, रंगवलेला. वरच्या अर्ध्या भागाच्या सहा बाजूंपैकी एक बाजू पारदर्शक पत्र्याची, म्हणजे आत एसपीएस-40 दिसेल. खऱ्यात दिसत नाही हे माहीत आहे, पण इतकं वाचल्यावर ते झाकून टाकायला जीव होत नाही. काका, ते आतलं रडार तळापासून किती उंचीवर असेल?

आणि तांब्याची मास्ट फेकली नाही. भावाने मागून घेतली, पेनं ठेवायला.

बत्तीसाब

ते मलाही माहीत नाही. पण ज्या भागातून लहर बाहेर पडते तिथेच अँटेना हवी, म्हणजे वरच्या अर्ध्यात, 81 पैकी 40 मिलिमीटरच्या वर कुठेतरी. आणि बाजूला एक छोटी शिडी लावा, तारेची. डब्याच्या आत.